थेंब पडतोय म्हणजे ऑईल आहे

केडगावात गाडीखाली कुणी आडवा झालेला दिसला, की त्याला एकटं ठेवायची पद्धत नाही. पाच मिनिटांत गाडीशेजारी दोन पाय येऊन थांबतात, मग चार, मग मोजदाद सुटते. आडव्या माणसाला वरचं काही दिसत नाही. त्याला दिसतात फक्त पायताणं, आणि सरावाने तो पायताणांवरून सल्ला ओळखायला शिकतो. करकरणारी कोल्हापुरी आली की ‘इंजिन उतरवा’ असा सल्ला येणार. चिखलाने माखलेले गमबूट म्हणजे उसाला पाणी देता देता ज्याची लाईट गेली तो माणूस. लाईट येईपर्यंत त्याला वेळच वेळ असतो, म्हणून तो सल्ला देत नाही, झालेली सगळी हकिगत पहिल्यापासून विचारतो. पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजे निवृत्त गुरुजी. ते हिशेब करतात.

या खेपेला गाडी होती आमचे थोरले चुलते, म्हणजे अण्णा, यांची जुनी जीप. तिच्या उमेदीची वर्षं केडगाव स्टेशन ते चौफुला या वडापात गेली. पुणे-दौंड गाडी स्टेशनात लागली की उतरलेली माणसं उचलायची आणि सोलापूर महामार्गावर नेऊन सोडायची. त्या काळी तिच्यात एका वेळी किती माणसं बसत, तो आकडा अण्णा आजही सांगत नाहीत. आरटीओची वसुली मुदतबाह्य होत नाही असं त्यांचं मत आहे. वडाप सुटलं तशी जीप गुऱ्हाळाला लागली. गुळाच्या ढेपा, डिझेलचे कॅन, क्वचित रुसलेला गुळव्या, असा सगळा माल ती वाहते.

तर या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधून ऑईल गळत होतं. कधीपासून, यावर घरात दोन मतं आहेत. अण्णा म्हणतात, ‘आत्ता आत्ता.’ काकू म्हणतात, अंगणातला काळा डाग धाकट्या सुनेच्या आधी घरात आला.

अण्णांचा याबाबत एक सिद्धांत होता. ‘थेंब पडतोय म्हणजे आत ऑईल आहे. पडायचा थांबला की बघू.’ यात खोट काढता येत नाही, हीच यातली मोठी खोट. सिद्धांताला आधार म्हणून सीटखाली नव्वद नंबर ऑईलचा डबा कायम असायचा. अधूनमधून अण्णा खाली वाकून भर घालायचे आणि हात पुसत, काहीतरी दुरुस्त केल्याच्या समाधानात, वर यायचे.

अण्णांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमचा भाग कालव्यावर जगतो. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा इथून पुढे इंदापूरकडे जातो, आणि वाटेत जे पाझरतं त्यावर आजूबाजूच्या विहिरी भरतात. पुस्तकात त्याला गळती म्हणतात. ज्याची विहीर भरते तो त्याला पाणी म्हणतो. तिकडे नीरा डाव्या कालव्याला काँक्रिटचं अस्तर करायचं निघालं, तर काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण पाझर थांबला तर विहिरी कोरड्या पडतील. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला गळणारी वस्तू बघून धक्का बसत नाही. तो फक्त बघतो की ते कुणाच्या शेतात चाललंय.

जीपचं ऑईल एके दिवशी नको त्या शेतात गेलं. भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात, अण्णांचे व्याही आहेत. त्यांनी नवं घर बांधलं आणि घरासमोर फिक्या रंगाची चकचकीत फरशी घातली. वास्तुशांतीला आम्ही जीपनेच गेलो. जेवणं झाली, पानं झाली, टॉवेल-टोपी झाली. निघताना जीप पुढे घेतली तर तिच्या जागी ताटाएवढा डाग. व्याही डागाकडे बघून हसले. ‘राहू द्या हो अण्णा, पोरं पुसतील,’ म्हणाले. व्याह्यांनी इतकं गोड बोलावं आणि वर हसावंही, याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पारगावचा पूल येईपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पूल ओलांडल्यावर म्हणाले, ‘सील टाकून घेऊ.’

दोन वर्षांत ऑईलने जे जमवलं नाही ते व्याह्यांनी एका हसण्यात जमवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. सभेपुढचा पहिला प्रश्न: गळतंय ते नेमकं काय? गाडीत गळण्याजोगे पदार्थ बरेच असतात, आणि ओळखायची रीत म्हणजे बोट लावून वास घेणं. डाग पातळ आणि काळाकुट्ट असेल तर इंजिन ऑईल. गोडसर वासाचं रंगीत पाणी असेल तर कूलंट. आणि दाट, चिकट, नाकात शिरला की दुपारच्या जेवणापर्यंत सोबत राहणारा कुजकट वास असेल तर ते डिफरन्शियलचंच. हा वास ऑईल खराब झाल्याचा नसतो. त्यात मुद्दाम गंधकाची संयुगं घातलेली असतात, कारण आत पोलादाचे दात एकमेकांवर अशा जोराने घासतात की साधं ऑईल मधून पिळून निघतं. सभेतल्या प्रत्येकाने वास घेतला. एकमत झालं. केडगावच्या पंचक्रोशीत त्या वर्षी झालेलं ते बहुधा एकमेव एकमत.

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि जीपखाली बघत उकिडवे बसले. मिनिटाला एक थेंब, असं त्यांनी जाहीर केलं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाचे एक हजार चारशे चाळीस थेंब, म्हणजे बहात्तर मिलिलिटर. आत दोन लिटर ऑईल असेल तर अठ्ठावीस दिवसांत डिफरन्शियल कोरडं. गणित बिनचूक होतं. फक्त उभ्या गाडीतून फारसं गळत नाही, चालत्या गाडीत आतलं मोठं चक्र ऑईल उडवतं तेव्हा खरी गळती होते, एवढं त्यात धरलेलं नव्हतं. हे गमबूटवाल्याने दाखवून दिलं. गुरुजी म्हणाले, ‘ते पुढच्या इयत्तेत येतं.’

आता डिफरन्शियल म्हणजे काय, हे सांगणं भाग आहे. केडगावात ते सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकाला वेगळं.

बैलगाडीला ही भानगड नव्हती. तिचा आक जागच्या जागी स्थिर, आणि दोन्ही चाकं आपापल्या बाजूला मोकळी. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरायचं, आतलं कमी, आणि ते त्यांचं ते बघून घ्यायची. पंचाईत झाली ती इंजिन आल्यावर. एकाच दांड्याने दोन्ही चाकं फिरवायला गेलं, तर वळणावर एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी कसं वाढायचं? हा तंटा सोडवला पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने. 1827 साली त्याने वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी दातेरी चक्रांची अशी जोडणी केली, की जोर दोन्ही चाकांना मिळावा आणि वेग ज्याचा त्याला ठरवता यावा. आजच्या सगळ्या जीप, ट्रक, ट्रॅक्टर त्याच्याच हिशेबावर वळतात. माणूस घड्याळजी होता हे ऐकून गुरुजींनी हातातलं घड्याळ परत मनगटावर चढवलं.

इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जिथे डिफरन्शियलच्या लोखंडी पोटात शिरतो, तिथे सगळा प्रश्न आहे. दांडा गरगर फिरतो. पोट हलत नाही. म्हणजे दोहोंच्या मध्ये फट ठेवायलाच हवी, आणि त्या फटीतून थेंब जाता कामा नये. हे काम करतं ते ऑईल सील. बाहेरून पत्र्याचं कडं, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या मागे केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग, जी त्याला फिरत्या पोलादावर अलगद दाबून धरते. फार दाबलं तर ओठ जळतो, कमी दाबलं तर गळतं. खरी गंमत अशी की ओठ पूर्ण कोरडा ठेवूनही चालत नाही. ऑईलचा एक अगदी पातळ पापुद्रा त्याच्याखाली लागतोच. गळू नये म्हणून जे बसवलं, त्यालाही थोडं ओलं राहावंच लागतं.

जुन्या काळी ही सीलं चामड्याची असत. आजच्या पद्धतीचं सील 1930च्या सुमाराला ज्यांनी बाजारात रुळवलं, ती जर्मनीतली फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडं कमावणारी कंपनी. त्या दशकातच चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आमच्या पणजोबांनी जन्मभर चामड्याची मोट हाकली. चामडं किती धरतं आणि किती सोडतं हे कुणी त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी चहासुद्धा न घेता सांगितलं असतं. पण जर्मन माणूस चौकशीला इकडे आला नाही.

सभेकडे परत येऊ. निदान झालं होतं, आता उपाय. कोल्हापुरी चप्पल म्हणाली, अंगाचा साबण लावा. डिझेलची टाकी झिरपते तेव्हा साबण घासतात हे खरं, पण तिथे टाकी फिरत नाही. मग कुणी हळदीचा विषय काढला. ती रेडिएटरमध्ये टाकतात, आणि तिथे ती घटकाभर उपयोगी पडतेही. डिफरन्शियलमध्ये टाकली तर फक्त कढीचा रंग येईल. एम-सीलचा गोळा फासायचाही ठराव आला. गावातल्या नळापासून पिंपापर्यंत सगळं ज्याने जोडलं जातं ते इथे का नको, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. फासल्यावर शाफ्ट फिरणार कसा, असं विचारलं तर ते म्हणाले, ‘गळणार तर न्हाय ना?’

एक जण दबक्या आवाजात म्हणाला, आत केळी घाला. यावर हसू आलं तरी हा सल्ला पोरकट नाही. जुन्या गाड्यांच्या दलालांत तो पूर्वापार आहे. ओरडणाऱ्या डिफरन्शियलमध्ये केळी किंवा लाकडाचा भुसा कोंबला की दात आवाज करायचे थांबतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन जातं. पुढे काय होतं ते गिऱ्हाईक बघतं. पण आम्हाला जीप विकायची नव्हती. ‘आणि विकायची ठरलीच,’ अण्णा म्हणाले, ‘तर व्याह्यांना विकीन.’

शेवटी जीप चौफुल्याच्या मिस्त्रीकडे न्यायची ठरली. इथे घोळाला सुरुवात झाली.

चौफुला म्हणजे सोलापूर महामार्ग आणि केडगाव-सुपे-मोरगाव रस्ता यांची फुली. अष्टविनायक करणाऱ्या गाड्या मोरगावहून रांजणगावला जाताना इथेच महामार्ग ओलांडतात, त्यामुळे पंक्चर, पाटे, क्लचप्लेट असली कामं करणाऱ्यांना तिथे बारमाही धंदा. पण बाहेरच्या जगात चौफुल्याची ख्याती गॅरेजची नाही. तिथे संगीत बारीची थिएटरं आहेत. कलावंत मेहनती, कला अस्सल, लांबून रसिक येतात. या सगळ्याबद्दल अण्णांच्या मनात आदरच आहे. मात्र त्या आदराची घरात वाच्यता नाही.

मिस्त्रीने जीप वर घेतली, घोड्या लावल्या आणि आधी सगळं डिफरन्शियल डिझेलने धुऊन काढलं. मग पुसून त्यावर पोरीची टाल्कम पावडर शिंपडली आणि एक चक्कर मारून आणली. परत खाली बघितलं तर पांढऱ्या पावडरीवर शाफ्टच्या तोंडाशी ओला काळा ओघळ, बाकी सगळं कोरडं. म्हणजे पुढचं, पिनियनचं सील. चाकाकडची सीलं शाबूत होती. ती गेली असती तर ऑईल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं असतं आणि व्याह्यांच्या फरशीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला असता. मला या पावडरीच्या युक्तीचं फार कौतुक वाटलं. सगळी सभा वास घेत बसली होती, आणि या माणसाने एक शब्द न बोलता थेंबालाच स्वतःचा पत्ता लिहायला लावला.

पण सीलचा नंबर सीलवरच छापलेला असतो. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तो वाचायचा तर सील बाहेर काढावं लागतं, आणि सील बाहेर काढायचं तर ते मोडावं लागतं. म्हणजे नवीन कुठलं आणायचं हे कळतं तेव्हा जुनं परत बसवता येत नाही. जीप पोट उघडं टाकून घोड्यांवर उभी. संध्याकाळ झाली. दुकानं बंद. जीप रात्रभर चौफुल्याला राहिली.

सकाळी दूध घालायला गेलेल्या माणसाने ती तिथे पाहिली. नऊ वाजेपर्यंत बातमी आमच्या उंबऱ्यावर होती. शब्द अगदी साधे होते: ‘अण्णांची जीप रात्रभर चौफुल्याला उभी होती.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. अण्णा म्हणाले, ‘डिफरन्शियल उघडलंय.’ सत्य असूनही इतकं लंगडं वाटणारं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त भाकरी थापायचा आवाज वाढला. शेवटी अण्णांनी पिशवीतून पुरावा काढला. वाकडं झालेलं, तोंड फाटलेलं जुनं सील कागदात गुंडाळलेलं होतं. काकूंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि नाकाशी नेलं. ‘हाय, ऑईलचाच वास हाय,’ त्या म्हणाल्या, आणि खटला निकाली निघाला.

नंबर मिळाला, पण सील मिळेना. पहिल्या दुकानात होतं ते दोन मिलिमीटरने जास्त जाड होतं. ‘बसंल की, हाणून बघा,’ दुकानदार म्हणाला. दौंडला आतला व्यास जुळत होता, बाहेरचा नाही. मग माझ्या पुतण्याने फोनवरून मागवलं आणि रोज पार्सल कुठवर आलं ते सगळ्यांना दाखवायला लागला. पार्सल मोठ्या वेगाने आलं, आणि नगरला गेलं.

यात कुरियरवाल्याला तरी काय बोलणार? नगर शहराला लागून दुसरं केडगाव आहे, आणि ते आमच्यापेक्षा गर्दीचं आहे. आमच्या केडगावची ओळख सांगायची तर पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आणि नारायण महाराजांचं बेट. जुनी माणसं पत्त्यात गावाबरोबर मुक्ती मिशनही लिहीत, ते उगाच नव्हे. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर इथेच मुक्तीच्या छापखान्यात छापलं गेलं; त्या 1922 साली गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली निघाला. खिळे जुळवणं, यंत्र चालवणं ही कामं तिथल्या मुली-बायका करायच्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावाने यंत्र हाताळणाऱ्या बायका पाहिल्या, त्या गावात डिफरन्शियलच्या सभेला काकूंना खुर्ची नव्हती. वास घेऊन निकाल मात्र शेवटी त्यांनीच दिला.

पार्सलची वाट सोडून पुतण्या सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे. तिथल्या दुकानदाराने मोडकं सील हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरलं, नंबर न वाचता मागच्या फळीवरून एक पुडी काढली आणि पुढे टाकली. अगदी तेच. किंमत इतकी, की पुतण्याचं पुण्यात जेवण त्याहून महाग पडलं.

आता बसवणं. सील बसवायचं काम पाच मिनिटांचं आहे. सीलपर्यंत पोचायचं काम दिवसाचं. शाफ्ट सोडवण्याआधी मिस्त्रीने त्यावर आणि तो जिला जोडलेला असतो त्या फ्लँजवर समोरासमोर खुणा केल्या होत्या, म्हणजे परत जोडताना जुनी जोडी जुळावी. मधल्या मोठ्या नटवर आणि आट्यांवरही पंचने टिंबं मारली होती. तो नट सोडवताना गोटी पान्याच्या दांड्यात चार फुटी पाईप घालून दोन माणसं लोंबकळली होती. बसवताना मात्र पाईप बाजूला ठेवला. टिंबाला टिंब आलं की बस. काही गाड्यांत या नटाखाली दबणारी नळी असते. नट जादा आवळला तर ती चेपते, आतल्या बेअरिंगवर नको तेवढा ताण येतो आणि डिफरन्शियल कायमचं ओरडायला लागतं. मग केळी आठवतात.

जमलेल्यांना हे पटत नव्हतं. आमच्याकडे नट म्हणजे आवळायची वस्तू. ‘अजून एक आटा जाईल, मिस्त्री,’ कोल्हापुरी चप्पल म्हणाली. मिस्त्री म्हणाला, ‘जाईल. मग माझ्याकडे पुन्हा येईल.’

सील जिथे टेकतं तिथे फ्लँजच्या पोलादावर बोटाच्या नखाला लागेल अशी चर पडली होती. इतक्या वर्षांत मऊ रबराने पोलाद झिजवलं होतं. रबराला चिकटलेली धूळ त्यात घासणीचं काम करते. नवं सील त्याच चरीवर टेकलं तर पुन्हा गळणार, म्हणून मिस्त्रीने ते केसभर आत बसवलं, ओठ कोऱ्या पोलादावर टेकेल असं. ओठाला बोटाने ऑईल चोळलं. मग सगळीकडून सारखं, हलक्या हाताने ठोकत सील बसलं. एवढा वेळ सगळी पायताणं गप्प होती. असा क्षण केडगावात पाहुण्यांच्या पंगतीत वरण वाढायला येतं तेव्हाच येतो.

शाफ्ट जोडून झाला. अण्णा ऑईलचा डबा घेऊन पुढे सरसावले, तेव्हा मिस्त्रीने गाडीखालूनच विचारलं, ‘ब्रीदर कधी साफ केलता?’

उत्तर नाही. सभेच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणाकडे सल्ला नव्हता. ब्रीदर कुठे असतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

डिफरन्शियलच्या डोक्यावर ही एक छोटीशी टोपी असते. गाडी चालली की आतलं ऑईल तापतं, हवा फुगते, आणि ती या टोपीतून बाहेर पडते. टोपी बुजली तर हवा दुसरी वाट शोधते, आणि सगळ्यात मऊ वाट म्हणजे सीलचा ओठ. कुकरची शिट्टी अडकली की वाफ रबराच्या कड्यातून फसफसते, तसंच. मिस्त्रीने टोपी काढून आपटली. काळ्या मातीचा वाळलेला खडा पडला. आमच्या उसाच्या रानातलीच माती, ओळखीची. तारेने भोक मोकळं केलं, फुंकर मारली, टोपी परत बसवली. खर्च शून्य.

‘मंग सील उगा बदललं का?’ अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात नाना पेठ, नगर, चौफुला, सगळं होतं.

‘सील बी गेलंच व्हतं,’ मिस्त्री म्हणाला. ‘पर ह्येच्यामुळं गेलं. ह्यो बुजलेला ठेवून धा सीलं टाका, धाबी गळत्याल.’

नंतर ऑईल भरलं, तेही अण्णांच्या सवयीने नाही. गाडी सपाट जागी उभी करून, भरायच्या भोकाच्या काठाला ऑईल टेकून बाहेर यायला लागेपर्यंत, आणि तिथेच थांबायचं. जास्त ऑईल भरलं तरी ते बाहेरची वाट शोधतं. अण्णांनी दोन वर्षं जी भर घातली, तिचा काही हिस्सा घातल्या घातल्या त्याच वाटेने गेला असणार. त्या डब्यांच्या पैशात सीलांचा एक डझन आला असता, असं गुरुजींनी काढून दाखवलं. अण्णांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि परत कधी बाहेर काढला नाही.

जीप आता गळत नाही. याचा अण्णांना त्रास होतो. थेंब नाही म्हणजे आत ऑईल आहे की नाही हे कळायची सोय गेली. ते दर आठवड्याला खाली शिरतात, प्लग उघडतात, बोट घालून बघतात, प्लग लावतात. मोटर बंद पडलेला गमबूटवाला बाजूला उभा राहून सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून विचारतो.

तुमच्याही गाडीखाली डाग पडत असेल तर एवढं करा. सील आणायला पळण्याआधी एक बारीक तार घेऊन डिफरन्शियलच्या डोक्यावरची ती टोपी मोकळी करा. ती मोकळी केल्यावरही गळत असेल तर सील बदला. जुनं काढलं की नंबर नीट वाचून घ्या आणि शक्यतो स्वतः नाना पेठेत जा. पार्सलनेच मागवायचं असेल, तर पत्त्यात ‘केडगाव’ या शब्दापुढे ‘तालुका दौंड, जिल्हा पुणे’ असं ठळक अक्षरात लिहा. आमचं सील अजून नगरलाच आहे.